पळणाऱ्याचं हार्ट आणि रिपोर्टवरचं 'पॉझिटिव्ह': टीएमटी, टूडी इको, कॅल्शियम स्कोअर कधी करायचे, कसे वाचायचे

मागच्या वर्षी ऑफिसच्या फुकट हेल्थ चेकअपमध्ये माझी टीएमटी (ट्रेडमिलवर चालवत-पळवत काढतात तो ईसीजी) पॉझिटिव्ह आली. रिपोर्टवर ठळक अक्षरात 'माइल्डली पॉझिटिव्ह फॉर इंड्युसिबल इस्केमिया' (म्हणजे जोर पडला की हार्टला रक्त कमी पडतंय अशी शंका) आणि त्याच फाइलमध्ये टूडी इकोच्या, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीच्या, कागदावर 'कॉन्सेंट्रिक एलव्हीएच' (डाव्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड). वय ४६, बारा वर्षं रनिंग, आणि त्याच रविवारी ठाण्यात उपवनहून येऊरचा चढ दोनदा करून आलेलो, धाप सोडून काही नाही. बायकोने रिपोर्ट वाचला आणि काही न बोलता शूज उचलून माळ्यावर टाकले. पुढचे सहा आठवडे मी तलावपाळीला संध्याकाळी आजोबा लोकांबरोबर चालत होतो आणि प्रत्येक ढेकर आला की छातीला हात लावून बघत होतो.

शेवटी वाशीला एका कार्डिओलॉजिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी फाइल उघडली, चेकअपचा फॉर्म वरखाली बघितला आणि विचारलं, "तुम्ही पळता हे कुठे लिहिलंय यात?" कुठेच नव्हतं. फॉर्मवर शुगर, बीपी, सिगारेट, दारू सगळ्याला चौकोन होते, आठवड्याला किती किलोमीटर याला चौकोनच नव्हता. माझ्या छातीच्या सगळ्या टेस्ट एका खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या म्हणून वाचल्या गेल्या होत्या.

हा लेख त्या चौकोनाबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, हौशी रनर आहे, पण त्या सहा आठवड्यांत आणि नंतर आमच्या ग्रुपमधल्या दोघा-तिघांच्या भानगडीत जे वाचलं, विचारलं, समजलं ते क्रमाने लिहितोय. आणि हे आधीच सांगतो, आत्ता वाचताना छातीत दुखत असेल, डावा हात-जबडा जड वाटत असेल तर फोन ठेवा आणि कॅज्युअल्टीला जा.

आधी ठरवा, टेस्ट कशासाठी करताय

दोन अगदी वेगळ्या परिस्थिती आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो. पहिली, काही त्रास नाही, फक्त जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे म्हणून किंवा पॅकेजमध्ये आहे म्हणून. दुसरी, काहीतरी होतंय. चढावर छाती किंवा घसा आवळतो, थांबलं की दोन मिनिटांत जातं. पळता पळता चक्कर येऊन पडलात (फिनिश लाइन ओलांडून थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं हे बऱ्याचदा पायात रक्त साठल्याने होतं, पळत असताना पडणं ही वेगळी आणि गंभीर गोष्ट). पेस कारण नसताना महिनाभर घसरलाय. धडधड सुरू होते आणि अचानक बंद होते. घरात कोणी पन्नाशीच्या आत झोपेत किंवा खेळताना गेलंय.

दुसऱ्या परिस्थितीत पॅकेज वगैरे विसरा, थेट कार्डिओलॉजिस्टकडे जा आणि कुठली टेस्ट हे त्यांना ठरवू द्या. आमच्या ग्रुपमधले एक दादा, ५८ वर्षांचे, पंधरा वर्षं पळतायत, दरवर्षी टीएमटी निगेटिव्ह. गेल्या पावसाळ्यात येऊरच्या चढावर त्यांना घशाशी आवळल्यासारखं व्हायचं, म्हणायचे पित्त झालंय, जेलुसिल खिशात घेऊन पळायचे. पेस किलोमीटरमागे चाळीस सेकंदांनी खाली आला तरी 'ह्युमिडिटी आहे रे'. शेवटी त्यांच्या मुलीने ओढून नेलं, सीटी अँजिओत (हार्टच्या रक्ताच्या नळ्यांचा सीटी स्कॅन) मुख्य नळीत ८० टक्के ब्लॉकेज. निगेटिव्ह टीएमटी तेव्हाही त्यांच्या फाइलमध्ये होती, तीन महिन्यांपूर्वीची. त्यामुळे हा लेख 'रनरचे रिपोर्ट खोटेच असतात' असा वाचू नका. दादांनी तसाच वाचला असता.

पहिल्या परिस्थितीत मात्र टेस्टच्या आधी थोडं गणित करा. साध्या टीएमटीबद्दल जुने बरेच अभ्यास एकत्र करून १९८९ मध्ये आकडे काढले होते, खरा ब्लॉकेज असलेल्या १०० पैकी साधारण ६८ ती पकडते आणि ब्लॉकेज नसलेल्या १०० पैकी ७७ ना ती बरोबर निगेटिव्ह सांगते. वाचायला ठीक वाटतं. आता समजा काही त्रास नसलेले १००० रनर घेतले आणि त्यातल्या ३० जणांना खरंच ब्लॉकेज आहे (हा ३० आकडा मी उदाहरणासाठी धरलाय). टीएमटी त्यातले २० पकडेल. उरलेल्या ९७० निरोगी लोकांतल्या सुमारे २२३ जणांनाही ती पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे २४३ लोकांच्या घरी बायका शूज माळ्यावर टाकणार आणि त्यातले २० खरे. बारात एक. मशीन तेच, टेक्निशियन तोच, पण छातीत दुखतंय म्हणून आलेल्या साठीच्या डायबेटिक माणसात तीच पॉझिटिव्ह बरीच खरी ठरते. रिपोर्टची किंमत तुम्ही कोण आहात यावर ठरते, हे मला कोणीतरी चेकअपच्या आधी सांगायला हवं होतं.

धोक्याचं प्रमाणही डोक्यात असू द्या. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांची नोंद तपासली, त्यात पळताना हृदय बंद पडल्याच्या घटना ५९ आणि मृत्यू ४२. पण आपण दक्षिण आशियाई आहोत, ते एक वेगळं प्रकरण. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्याकडच्यांना पहिला हार्ट अटॅक यायचं मधलं वय ५३ निघालं, बाकी जगात जवळपास ५९. म्हणून चाळिशीनंतर लिपिड प्रोफाइल, शुगर, बीपी, आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (कोलेस्टेरॉलचाच एक वारशाने येणारा प्रकार) हे करून घ्या. कंटाळवाण्या टेस्ट आहेत, फोटो काढून ग्रुपवर टाकण्यासारखं काही नसतं त्यात, पण काही त्रास नसलेल्या माणसाला स्कॅनपेक्षा या टेस्ट जास्त सांगतात असं माझं मत झालंय.

एक कागद तयार करा

हे मी आता प्रत्येक नवीन रनरला करायला लावतो. ए-फोरचा एक कागद, मराठीत-इंग्लिशमध्ये कसंही. माझ्या कागदावर हे आहे: आठवड्याला ४५ ते ५५ किमी, पाच दिवस, साधारण साडेपाच तास, किती वर्षं. शेवटची रेस कधी, शेवटचा हार्ड वर्कआउट कधी. सकाळी उठल्यावरचा पल्स ४६. उंची-वजन. घरात कोणाला काय झालं आणि कुठल्या वयात (नुसतं 'फॅमिली हिस्टरी आहे' नाही, 'वडील, ६१ व्या वर्षी बायपास'). औषधं, त्यात जिमवाल्याने दिलेली पावडर आणि प्री-वर्कआउटही आलं, लाजू नका. खाली एक ओळ, 'मला त्रास काय होतो', आणि काही होत नसेल तर तसं स्पष्ट.

तासांचा आकडा महत्त्वाचा आहे. खेळाडूंचा ईसीजी कसा वाचायचा याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये आले, त्यात खेळाडू कोणाला म्हणायचं याचा अंदाज आठवड्याला किमान चार तास जोरदार व्यायाम, तोही वर्षानुवर्षं, असा दिलाय. आठवड्याला तीनदा पाम बीच रोडवर पाच किमी करून 'माझं अ‍ॅथलीट हार्ट आहे' म्हणणारे मला बरेच भेटतात. नसतं हो. तेवढ्या पळण्याने हार्टची मापं फारशी बदलत नाहीत, त्यामुळे तेवढ्या पळण्याने वाकडा रिपोर्ट माफही होत नाही.

टेस्टचा दिवस

रेसनंतर लगेच नको. मॅरेथॉननंतर रक्तातलं ट्रोपोनिन बऱ्याच जणांचं वाढतं, म्हणजे हार्ट अटॅकला जे बघतात तेच, आणि एक ते तीन दिवसांत खाली येतं. लांब रेसनंतर उजवा कप्पा थोडा दमलेला दिसतो, बहुतेकांचा आठवड्याभरात सावरतो. सीपीके (स्नायू दमले की रक्तात वाढतं ते) तर साध्या लाँग रननंतरही आकाशात जातं. त्यामुळे चेकअप असेल तर आधी दोन दिवस पूर्ण आराम, रेस झाली असेल तर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. (रेसनंतर छातीत दुखत असेल तर हा नियम लागू नाही, तेव्हा तसंच उठून जायचं.) स्ट्रेस टेस्टच्या दिवशी चहा-कॉफी बंद, पाणी नीट प्यायलेलं, आणि शूज घेऊन जा. हसू नका, आमच्या ऑफिसचे अर्धे लोक ट्रेडमिलवर फॉर्मल शूज काढून मोज्यांत चढले होते.

ईसीजी

यात सगळ्यात कमी खर्च आणि सगळ्यात जास्त फुकटची भीती. वरती मशीनने आपोआप छापलेली ओळ असते, 'अ‍ॅबनॉर्मल ईसीजी'. ती ओळ मशीनची आहे, माणसाची नाही. नियमित पळणाऱ्यात या गोष्टी नॉर्मल धरल्या जातात: पल्स ३० पर्यंत कमी, पीआर इंटरव्हल लांब (वरच्या कप्प्यातून खाली सिग्नल जरा उशिरा), झोपेत-आरामात वेंकेबॅक प्रकारचा ब्लॉक (मधूनच एक ठोका गळतो), इनकम्प्लीट आरबीबीबी (उजव्या बाजूच्या वायरिंगमध्ये थोडा उशीर), अर्ली रिपोलरायझेशन (ठोक्यानंतरची रेघ थोडी वर), आणि नुसत्या उंच लाटांवरून दिलेलं 'एलव्हीएच बाय व्होल्टेज'. बारीक माणसाच्या छातीची भिंत पातळ, लाट उंच येणारच.

या मात्र नॉर्मल धरायच्या नाहीत, तुम्ही कितीही पळत असा: व्ही५-व्ही६ (छातीच्या डाव्या बाजूचे इलेक्ट्रोड) मध्ये उलटी टी वेव्ह, एसटी (ठोक्याची उंच लाट संपल्यावरचा रेघेचा तुकडा) खाली गेलेली, पूर्ण एलबीबीबी (डाव्या बाजूचं वायरिंग बंद), खोल क्यू वेव्ह. असं काही लिहिलं असेल तर पुढचा तपास करायचाच.

एक बारीक गोष्ट. व्ही१-व्ही२ या इलेक्ट्रोडची गोल बटणं टेक्निशियनने एक बरगडी वर लावली की खोटं आरबीबीबी दिसू शकतं. चौथ्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना असायला हवीत. घाई असली की ती हमखास गळ्याकडे सरकतात. मी आता नम्रपणे सांगतो, 'दादा जरा खाली लावता का'. एकदा शिव्या मिळाल्यात मनातल्या मनात, पण चालतं.

टूडी इको

माझा घोळ इथे झाला म्हणून इथे जरा थांबतो.

पळणाऱ्याचं हार्ट मोठं होतं हे काही नवीन नाही, स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरने १८९९ मध्ये स्कीइंग करणाऱ्यांची छाती नुसती बोटांनी ठोकून ते ओळखलं होतं. ना सोनोग्राफी, ना जेल. आता आपल्याकडे मिलिमीटर आहेत आणि भांडण मिलिमीटरचंच आहे.

रिपोर्टवर तीन आकडे शोधा. आयव्हीएस म्हणजे मधल्या भिंतीची जाडी, पुरुषांत सहसा ६ ते १० मिमी, बायकांत ६ ते ९. एलव्हीआयडीडी म्हणजे डावा कप्पा भरलेला असताना किती रुंद, पुरुषांत साधारण ५८ पर्यंत, बायकांत ५२ पर्यंत. आणि ईएफ, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्याला बाहेर, पुरुषांत ५२ च्या वर, बायकांत ५४ च्या वर.

आता कप्प्याचं बघा. इटलीत १९९९ मध्ये १,३०९ टॉपच्या खेळाडूंचे इको तपासले, त्यात ४५ टक्क्यांचा कप्पा ५५ मिमी किंवा जास्त होता आणि १४ टक्क्यांचा ६० किंवा जास्त. बसून राहणाऱ्या माणसाचा ६० आला असता तर 'डायलेटेड' लिहून औषधं सुरू झाली असती. ईएफचंही तसंच. कप्पा मोठा, त्यामुळे आरामात अर्ध्याहून जरा जास्त रक्त ढकललं तरी शरीराचं भागतं, म्हणून काही रनरचा ईएफ ५० ते ५५ मध्ये रेंगाळतो आणि पळायला लागला की झटकन वर जातो. रोगट हार्टचा तसा जात नाही. म्हणून बॉर्डरलाइन ईएफला सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे स्ट्रेस इको, पळवून लगेच बघायचं.

भिंतीच्या बाबतीत मात्र आपण रनर लोक स्वतःला जरा जास्तच सूट देतो. त्याच इटालियन मंडळींनी १९९१ मध्ये ९४७ खेळाडू मोजले, १३ मिमी किंवा जास्त भिंत फक्त १६ जणांची, आणि त्यातले १५ होडी वल्हवणारे, एक सायकलवाला. पळणारा एकही नाही. म्हणजे तुमच्या रिपोर्टवर १४ आलं तर 'मी मॅरेथॉन करतो ना' हे उत्तर पुरत नाही. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हा घराण्यात चालणारा आजार साधारण ५०० मध्ये एकाला असतो, तरुण खेळाडू मैदानात कोसळण्यामागचं ते एक मोठं कारण, आणि तो अशाच आकड्यांत लपलेला असतो. भिंत जाड आणि कप्पा लहान (४५ पेक्षा कमी), भिंत एकाच ठिकाणी जाड, टिश्यू डॉप्लरवर (इकोतच भिंत हलण्याचा वेग मोजतात) हार्ट सैल होण्याचा वेग कमी, ही आजाराकडची चिन्हं. भिंत थोडी जाड, सगळीकडे सारखी, कप्पाही मोठा आणि सैल होण्याचा वेग छान, हे व्यायामाकडचं.

माझं काय होतं? चेकअपला भिंत १३ लिहिलेली. मॅडमनी स्वतः प्रोब धरला, वीसेक मिनिटं घेतली, मला डाव्या कुशीवर नीट वळवलं, हात डोक्याखाली. भिंत ११, कप्पा ५७, ईएफ ५४. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, उजव्या कप्प्यातला एक स्नायूचा पट्टा भिंतीला चिकटून जातो, पहिल्या माणसाने मोजायची रेघ त्या पट्ट्यासकट ओढली होती. दोन मिमीचा पट्टा, सहा आठवडे तलावपाळी. मोजताना रेघ तिरकी पडली तरी भिंत जाड दिसते. चेकअपच्या लाइनीत माझा इको सात मिनिटांत उरकला होता, बाहेर वीस जण टोकन घेऊन बसलेले, त्या माणसाला तरी काय बोलणार.

म्हणून इकोसाठी सांगणं एवढंच, पॅकेजमध्ये करू नका. वेगळी अपॉइंटमेंट घ्या, कागद हातात द्या, रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' किंवा 'एलव्हीएच' नको, मिलिमीटर लिहून मागा, आणि क्लिप्स सीडी-पेनड्राइव्हवर मागा. एका मिमीच्या फरकावरून झोप उडवू नका, दोन माणसांनी मोजलं तर तेवढा फरक पडतोच. आणि जाळीदार आतली बाजू बघून 'नॉन-कॉम्पॅक्शन' असा शब्द आला तर लगेच नेटवर शोधू नका, खेळाडूंमध्ये तशी जाळी बऱ्यापैकी दिसते, दुसऱ्या माणसाला दाखवा.

टीएमटी

नेहमीची टेस्ट ब्रूस प्रोटोकॉलची. सुरुवात २.७ किमी ताशी आणि १० टक्के चढ, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. रनरला पहिली नऊ मिनिटं नुसता कंटाळा. आणि इथेच गंमत होते, २२० वजा वय करून त्याच्या ८५ टक्के हार्ट रेट आला की बरीच सेंटर्स मशीन बंद करतात. माझं १४८ ला बंद केलं. १४८ ला मी घोडबंदर रोडवर गप्पा मारत पळतो! दादांच्या बाबतीत अशीच टेस्ट दरवर्षी निगेटिव्ह येत होती, त्यांचा त्रास चढावर १६० च्या पुढे सुरू व्हायचा आणि तिथपर्यंत मशीन कधी गेलंच नाही. म्हणून चढण्याआधी सांगा, 'मला दमेपर्यंत पळायचंय, डॉक्टर समोर असतील तर तेवढं पळवा'. आणि दांडा धरून लटकू नका, मिनिटं वाढतात पण आकडा खोटा होतो.

छाती भादरून घ्यायला लाजू नका. ऑगस्टमध्ये आपल्याकडे एसी चालू असला तरी घाम येतो, इलेक्ट्रोड सुटतात, रेघ वरखाली नाचते आणि त्या नाचऱ्या रेघेतून कॉम्प्युटर एसटी मोजतो. माझ्या कागदावर नवव्या मिनिटाला रेघ अशी हललीय की लहान मुलाने काढलेली लाट.

पॉझिटिव्ह आली तर विचारायचे प्रश्न: एसटी आडवी किंवा उतरती खाली गेली की नुसती चढती? (चढती सहसा धरत नाहीत.) किती मिमी, किती लीड्समध्ये (ईसीजीच्या वेगवेगळ्या रेघांत), कुठल्या मिनिटाला? थांबल्यावर किती वेळ राहिली? दुखलं का? बीपी पळताना खाली पडलं का? आणि किती मेट्स झाले (नुसतं बसून असताना लागते त्याच्या किती पट शक्ती लावली)? हा शेवटचा आकडा लोक वाचतच नाहीत. ६,२१३ पुरुषांच्या २००२ मधल्या अभ्यासात प्रत्येक जादा मेटमागे जगण्याची शक्यता १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली, एसटीच्या रेघेपेक्षा माणूस किती वेळ पळू शकला हे जास्त बोलकं. बायकांमध्ये एसटीची खोटी पॉझिटिव्ह आणखी जास्त येते, हेही माहीत असू द्या.

पॉझिटिव्ह आली म्हणून उद्या सकाळी अँजिओग्राफीला झोपायचं नाही, आणि दुर्लक्षही करायचं नाही. मधली पायरी म्हणजे स्ट्रेस इको किंवा सीटी अँजिओ. माझा स्ट्रेस इको झाला, पाचव्या स्टेजपर्यंत पळालो, ईएफ ५४ वरून ७० च्या आसपास, सगळ्या भिंती नीट हलल्या. तिथे फाइल बंद.

कॅल्शियम स्कोअर

हार्टच्या नळ्यांत साठलेलं कॅल्शियम साध्या सीटी स्कॅनने मोजायचं. हा सध्या फॅशनमध्ये आहे. कॉन्ट्रास्ट नाही, इंजेक्शन नाही, साधारण एक मिलिसिव्हर्ट रेडिएशन (निसर्गातून वर्षाला सरासरी दोन-अडीच मिळतंच), पाच मिनिटांत आकडा. ० चांगला, १०० च्या पुढे लक्ष द्यायचं, ४०० च्या पुढे जास्तच.

आमच्या नेरूळच्या एका सायकलवाल्या मित्राचा, वय ५२, स्कोअर १८० आला. दारू नाही, सिगारेट नाही, दर रविवारी शंभर किमी. त्याला वाटलं मशीन चुकलं. चुकलं नव्हतं. वर्षानुवर्षं खूप व्यायाम करणाऱ्या पुरुषांत कॅल्शियम जास्त दिसतं हे जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंड सगळीकडे आढळलंय. आधी समजूत अशी की यांचं कॅल्शियम घट्ट, दगडासारखं, फुटत नाही, म्हणून काळजी नाही. डॅलसच्या कूपर सेंटरने सुमारे २२ हजार पुरुषांचा हिशोब २०१९ मध्ये मांडला, आठवड्याला पाचेक तास पळण्याइतका किंवा जास्त व्यायाम करणाऱ्यांत १०० च्या पुढचे स्कोअर थोडे जास्त, पण तेवढ्याच स्कोअरच्या कमी व्यायामवाल्यांपेक्षा मृत्यू जास्त नाहीत. मग २०२३ मध्ये बेल्जियमचा अभ्यास आला, त्यात आयुष्यभर सायकल-रनिंगसारखे दमाचे खेळ करणाऱ्यांत मऊ प्लाकही (नळीच्या भिंतीत साठलेला, अजून कॅल्शियम न धरलेला थर) जास्त दिसले. म्हणजे 'आमचा दगड चांगला' असं छातीठोक म्हणता येत नाही.

मित्राला डॉक्टरांनी काय सांगितलं तर सायकल चालू ठेव, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) खाली आण, त्यासाठी स्टॅटिन गोळी घे, बीपी बघ, आणि दर सहा महिन्यांनी स्कोअर करत बसू नकोस. स्टॅटिनने प्लाक घट्ट होतो म्हणून स्कोअर उलट वाढू शकतो, मग माणूस औषध सोडतो.

आणि ० आला तरी पेढे वाटू नका. मऊ प्लाक या स्कॅनला दिसत नाही, चाळिशीच्या आत तर ० चा अर्थ अजून कमी. आणखी एक, नेटवर जो कॅल्क्युलेटर वापरून लोक 'तुमच्या वयात तुम्ही कुठल्या टक्क्यात' बघतात तो अमेरिकेच्या मेसा अभ्यासातला आहे, त्यात गोरे, काळे, हिस्पॅनिक आणि चिनी असे चारच पर्याय. आपण त्यात नाही. मित्राने 'चिनी' निवडून बघितलं होतं.

सीटी अँजिओ आणि एमआरआय

सीटी अँजिओत आपला फायदा आहे. फोटो स्पष्ट यायला हार्ट रेट साठच्या आसपास लागतो, बाकीच्यांना त्यासाठी गोळी देतात, आपला आधीच ४८. उलट तिथल्या सिस्टरला आधी सांगा नाहीतर सवयीने गोळी देतील आणि चक्कर येईल. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी करून न्या, पण लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी नको. ही टेस्ट मऊ प्लाक दाखवते, दादांचं त्यातच सापडलं. रेडिएशन कॅल्शियम स्कोअरपेक्षा जास्त, मशीन कुठलं त्यावर, म्हणून हौस म्हणून नको.

एमआरआय म्हणजे भिंतीच्या वादातलं मोठं न्यायालय. मिमी तिथे पक्के मिळतात, आणि गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन स्नायूतले डाग दिसतात. उजवा आणि डावा कप्पा जिथे जोडतात तिथला छोटा डाग जुन्या खेळाडूंमध्ये दिसतो आणि सहसा निरुपद्रवी असतो, बाकी जागी डाग असेल तर नीट चौकशी. तरीही आजार की व्यायाम हे सुटलं नाही तर शेवटचा जुना उपाय आहे, तीनेक महिने व्यायाम बंद करून परत मोजायचं. व्यायामाची जाडी उतरते, आजाराची सहसा नाही. उपाय उपयोगी, पण शूज माळ्यावर तीन महिने.

घड्याळाबद्दल एकच. त्यातला ईसीजी एका लीडचा, तो एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) बऱ्यापैकी पकडतो, आणि पन्नाशीच्या जुन्या रनरला ते उपयोगी आहे, कारण स्वीडनच्या वासालोपेट स्की रेसच्या ५० हजारांवर लोकांत जास्त रेस आणि जास्त वेगवाल्यांना ही धडधड जास्त आढळलीय. हार्ट अटॅक तो पकडत नाही. आणि रात्री ३८ ची अलर्ट आली म्हणून उठून बसायचं नाही, चक्कर-थकवा असेल तर मात्र दाखवायचं.

रिपोर्ट वाकडा आल्यावर पहिले तीन दिवस

नेट बंद. त्रास असेल तर पळणं पूर्ण बंद, त्रास नसेल तर डॉक्टर भेटेपर्यंत गप्पा मारता येतील इतकंच, रेस नाही. मूळ ट्रेसिंग आणि क्लिप्स गोळा करा, नुसता टाइप केलेला निष्कर्ष घेऊन जाऊ नका, मॅडमनी माझा निष्कर्ष वाचलाच नाही, थेट रेघा बघितल्या. डॉक्टर निवडताना रिसेप्शनला सरळ विचारा, खेळाडूंचे पेशंट बघतात का. ठाणे, वाशी, बेलापूर सगळीकडे कार्डिओलॉजिस्टमध्येच पळणारे-सायकलवाले सापडतात, ग्रुपमध्ये विचारलं की नाव मिळतं. आणि दुसरं मत घेतलंत तर दोघांचं लेखी घ्या, कारण 'एलव्हीएच' एकदा छापलं की पुढे इन्शुरन्सच्या फॉर्मवर त्याबद्दल विचारतात, तेव्हा 'दुसऱ्या डॉक्टर तोंडी नॉर्मल म्हणाल्या' चालत नाही.

फाइल एकच ठेवा, जुना ईसीजी सगळ्यात वर. नवीन ईसीजीवर काही वेगळं दिसलं तर पहिला प्रश्न येतो, आधीचा आहे का? पाच वर्षांपूर्वी तसाच असेल तर अर्धी चिंता तिथेच जाते. फक्त तो कागद थर्मल असतो, आपल्या दमट हवेत वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो, त्यामुळे त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि फोनमध्ये फोटो. लॅमिनेट करू नका. मी केला होता जांभळी नाक्याला, गरम रोलरमधून बाहेर आला तेव्हा अख्खा काळा.